खुर्चीतला प्रेक्षक: हलत्या खुर्च्या, वारा, पाणी आणि वास यांच्यामागचं गणित

पडद्यावर गाडी वळते आणि तुमची खुर्ची कलते. ती नेमकी कशासाठी कलली? तुम्ही गाडीत बसला आहात म्हणून, गाडीचा पाठलाग करणारा कॅमेरा तुम्ही आहात म्हणून, की पडद्यावर काहीतरी हललं एवढ्याचसाठी? हलत्या खुर्च्यांचा खेळ चांगला की वाईट, हे बहुतेक वेळा या एका प्रश्नावर ठरतं. यंत्रं आता पुरेशी चांगली झाली आहेत. बिघडतं ते या प्रश्नाचं उत्तर न देताच खुर्ची हलवायला घेतल्यामुळे. म्हणून या लेखात यंत्रांबद्दल बरंच काही आहे, पण प्रत्येक यंत्राचा विचार 'त्या क्षणी प्रेक्षक कोणाच्या शरीरात आहे' या प्रश्नापासूनच केलेला आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच चुका आजही होतात

प्रेक्षकाला नुसतं दाखवायचं नाही तर हलवायचं, भिजवायचं, वास द्यायचा, ही कल्पना चित्रपटाइतकीच जुनी आहे. १९०४-०५ च्या सुमाराला अमेरिकेत 'हेल्स टूर्स' नावाचा प्रकार लोकप्रिय झाला. आगगाडीच्या डब्यासारख्या खोलीत प्रेक्षक बसत, समोर धावत्या गाडीतून टिपलेली दृश्यं दिसत आणि डबा खालून हलवला जाई. पुढे मॉर्टन हायलिगनं 'सेन्सोरामा' हे एका माणसासाठीचं यंत्र बनवलं. त्याचं पेटंट १९६२ चं. त्रिमित चित्र, थरथरणारी बैठक, वारा आणि वास हे चारही त्यात होते.

वासाची स्पर्धा त्याच्या थोडी आधी झाली. १९५९ मध्ये 'अरोमारामा'नं वातानुकूलनाच्या हवेतून वास सोडला. १९६० मध्ये 'स्मेल-ओ-व्हिजन'नं नळ्यांमधून प्रत्येक खुर्चीपर्यंत वास नेला. दोन्ही फसले. वास उशिरा पोचत, एकमेकांत मिसळत आणि एकदा आले की जात नसत. याचं कारण साधं अंकगणित आहे, ते पुढे येईल. १९७४ मध्ये 'सेन्सराउंड'नं मोठाल्या स्पीकरमधून इतका खोल आवाज काढला की तो कानापेक्षा छातीत जाणवे. तो शेजारच्या पडद्याच्या प्रेक्षकांनाही जाणवे, आणि ही अडचण आजच्या हलत्या खुर्च्यांनाही सुटलेली नाही.

आजच्या चित्रपटगृहांमधली दोन मोठी नावं, कोरियाची फोरडीएक्स आणि कॅनडाची डी-बॉक्स, दोन्ही २००९ मध्ये चित्रपटगृहांत उतरली. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. डी-बॉक्सचा भर फक्त खुर्चीच्या बारीक हालचालींवर. फोरडीएक्समध्ये हालचालीबरोबर वारा, पाणी, वास, धूर, प्रकाशाचे झोत असं सगळं असतं.

खुर्चीखाली काय असतं

बहुतेक ठिकाणी एका चौकटीवर दोन ते चार खुर्च्या बसवलेल्या असतात आणि ती चौकट तीन किंवा अधिक ॲक्च्युएटरवर उभी असते. ॲक्च्युएटर म्हणजे सर्व्हो मोटर आणि बॉलस्क्रू. मोटर फिरली की दांडा वर किंवा खाली सरकतो. तिन्ही दांडे एकत्र वर गेले की खुर्ची उचलली जाते. पुढचे वर आणि मागचा खाली गेला की ती मागे रेलते. डावे-उजवे उलटसुलट गेले की बाजूला कलते. या तीन हालचाली पायाभूत. पुढे-मागे सरकणं, आडवं सरकणं आणि जागच्या जागी वळणं यांसाठी आणखी यंत्रणा लागते. सहाही हालचाली देणारा सहा पायांचा पाट विमानचालकांच्या प्रशिक्षणात वापरतात. १९८७ साली डिस्नेलँडमधल्या अंतराळसफरीच्या खेळातही तोच होता.

भाराचा हिशेब करून पाहू. चार जणांचे प्रत्येकी १०० किलो आणि खुर्च्या व चौकटीचे २५० किलो धरले तर एकूण ६५० किलो. याला गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणानं वर उचलायचं तर साधारण ९.५ किलोन्यूटन बल लागतं, म्हणजे तीन ॲक्च्युएटरमध्ये वाटलं तर प्रत्येकी सव्वातीन. पण ही सरासरी झाली. चारपैकी एकच माणूस आला आणि कडेच्या खुर्चीत बसला, तर एका बाजूच्या ॲक्च्युएटरवर जास्त भार येतो आणि दुसरा जवळजवळ रिकामा असतो. नियंत्रकाची, म्हणजे मोटरींना आज्ञा देणाऱ्या यंत्रणेची, जुळवणी फक्त भरल्या खुर्च्यांवर केलेली असेल, तर रिकामी बाजू आज्ञेपेक्षा जोरात उसळते. म्हणून जुळवणी तीन स्थितींत तपासावी: रिकामी, पूर्ण भरलेली आणि एका टोकाला एकच जड माणूस.

हालचाल किती मोठी असावी, हे वारंवारतेवर अवलंबून असतं, आणि नवे लोक नेमके इथेच अडकतात. सेकंदाला एक हेलकावा आणि मध्यापासून ५० मिलिमीटर वर-खाली असेल, तर कमाल त्वरण गुरुत्वाच्या एक पंचमांश येतं. तेवढंच त्वरण सेकंदाला पाच हेलकाव्यांत हवं असेल तर फक्त २ मिलिमीटर पुरतात. सेकंदाला वीस असतील तर एक अष्टमांश मिलिमीटर! रस्त्याची खडबड, इंजिनाची थरथर, दूरवरचा गडगडाट हे सगळं मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. मोठा पल्ला लागतो तो फक्त संथ हालचालींसाठी. तेव्हा 'आमची खुर्ची इतके सेंटिमीटर हलते' या जाहिरातीला फारसा अर्थ नाही. विचारायचं ते हे, की ती किती बारीक आणि किती स्वच्छ हलते. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त हादरतं. या पट्ट्यात लांबलेली थरथर पोटाला आणि कण्याला त्रास देते. ती धक्क्यापुरती वापरावी, पार्श्वसंगीतासारखी सतत नको.

आतल्या कानाला फसवणं

खरी गाडी दहा सेकंद वेग घेत राहू शकते. खुर्ची काही सेंटिमीटरच पुढे जाऊ शकते. मग वेग घेतल्याचा भास टिकवायचा कसा? सिम्युलेटरवाल्यांची जुनी युक्ती अशी: सुरुवातीला छोटासा पुढचा धक्का द्यायचा आणि मग खुर्ची हळूहळू मागे रेलवायची. मागे रेललं की पाठीवर वजन येतं आणि तोल आणि हालचाल ओळखणारा आतला कान ते त्वरण म्हणून वाचतो. ५ अंशांच्या कलानं गुरुत्वाच्या सुमारे ९ टक्के, ८ अंशांनी १४ टक्के त्वरणाचा भास मिळतो. अट एकच: कलणं स्वतः जाणवता कामा नये. त्यासाठी कलण्याचा वेग सेकंदाला २ ते ३ अंशांच्या आत ठेवतात. म्हणजे ८ अंशांपर्यंत पोचायला जवळजवळ तीन सेकंद गेले. पडद्यावरचं दृश्य दोन सेकंदांत कापलं जाणार असेल तर ही युक्ती सुरूच करू नये.

चित्रपटगृहात दुसरी अडचण आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंद सिम्युलेटरमध्ये पडदा माणसाबरोबर हलतो. डोळ्यांना कल दिसत नाही, फक्त आतल्या कानाला कळतो. चित्रपटगृहात पडदा भिंतीला आहे आणि तुम्ही एकटेच कलता. पडद्याची चौकट, बाहेर जाण्याच्या दाराचा हिरवा दिवा, पुढच्यांची डोकी, सगळं डोळ्यांना सांगत असतं की 'तू कललास'. त्यामुळे सिम्युलेटरचं गणित जसंच्या तसं उचललं तर भास तुटतो आणि मळमळ मात्र उरते. इथे कल ४-५ अंशांच्या पुढे क्वचितच न्यावा आणि लांब त्वरणाचं काम थरथर, वारा आणि आवाज यांच्यात वाटून द्यावं.

खुर्ची ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू बसण्याच्या जागेखाली असतो आणि डोकं त्याच्या साधारण एक मीटर वर. ५ अंश मागे रेललं की डोकं जवळजवळ ९ सेंटिमीटर मागे जातं. म्हणजे पुढे झेपावल्याचा भास द्यायचा असताना पहिल्या क्षणी डोकं उलट दिशेला ओढलं जातं. सुरुवात झटक्यानं केली तर ही उलटी ओढ ठळक जाणवते. कलण्याची सुरुवात आणि शेवट नेहमी गुळगुळीत हवेत.

मळमळीचंही ठाऊक असलेलं गणित आहे. वर-खाली हेलकाव्यांत सगळ्यात त्रासदायक वारंवारता सेकंदाला ०.२ च्या आसपास, म्हणजे पाच सेकंदांचा एक हेलकावा. मानवी कंपनांवरचं आयएसओ २६३१-१ हे मानक ०.१ ते ०.५ चा पट्टा मळमळीसाठी धरतं. समुद्र, तरंगती फुगे-विमानं, अंतराळ हे नेमके याच पट्ट्यातले प्रसंग. होडीच्या दृश्यात होडीसोबत दहा मिनिटं डोलत राहणं म्हणजे काही जणांना नक्की बाहेर पाठवणं. डोलणं पहिल्या वीस-तीस सेकंदांत प्रस्थापित करावं, मग हळूहळू विरवावं. डोळे ते स्वतः चालू ठेवतात. प्रसंगात एखादी मोठी लाट येईल तेव्हा तेवढीच पुन्हा द्यावी.

कोणाचं शरीर?

हालचालींचा ट्रॅक, म्हणजे कोणत्या क्षणी खुर्ची कशी हलावी याची नोंद, लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा चित्रपट हात न लावता पाहावा आणि प्रत्येक प्रसंगासमोर एकच शब्द लिहावा: वाहन, कॅमेरा, पात्र किंवा कोणीच नाही. मारामारीत नायकानं ठोसा मारला तर पाठीत धक्का का बसावा? आणि खलनायकानं मारला तरीही तोच धक्का का? दोन्ही वेळा धक्का दिला तर प्रेक्षक कोणाच्याच बाजूला राहत नाही, त्याला फक्त खुर्ची जाणवते. मी पात्राची बाजू निवडून शेवटपर्यंत पाळण्याच्या मताचा आहे. नायकाला बसलेला मार जाणवेल, त्यानं मारलेला नाही. त्यामुळे धक्के निम्मे होतात आणि उरलेल्यांना वजन येतं.

विमानाचा प्रसंग असेल तर आत बसलेल्या चालकाचा दृश्यकोन आणि बाहेरून दिसणारं विमान यांत ट्रॅक उड्या मारतो. दृश्य बदललं की खुर्चीला नवा संदर्भ मिळतो, पण तिला आधी मध्यावर परत यावं लागतं आणि परतीची हालचालही जाणवतेच. झपाट्यानं कापलेल्या प्रसंगात प्रत्येक कापाला दाद देऊ नये. एक धागा धरावा, समजा चालकाचा, आणि बाहेरची दृश्यं येत असतानाही खुर्ची त्याच्याच अंगात ठेवावी. परत मध्यावर आणण्याचं काम संवादाच्या जागी, सेकंदाला एक-दोन अंशांच्या वेगानं, कोणाच्या लक्षात न येता करावं.

संवादाच्या वेळी खुर्ची स्थिर असावी, अगदी पूर्ण स्थिर. अनेकजण 'पैसे वसूल' होण्याच्या काळजीनं संथ प्रसंगांतही कॅमेऱ्याच्या सरकण्याबरोबर खुर्ची सरकवतात. एखाद्या पात्राच्या चेहऱ्याकडे कॅमेरा हळूच जात असताना खुर्ची पुढे झुकली की चेहऱ्यावरचं लक्ष पाठीकडे येतं. हा दोष मला अक्षम्य वाटतो, कारण त्यानं अभिनयाचं नुकसान होतं.

कामाचा क्रम असा ठेवला तर सोपं जातं. पहिल्या फेरीत फक्त संथ पायाभूत हालचाल. दुसरीत धक्के आणि थरथर, तेही आवाजाच्या ट्रॅकवर जुळवून, चित्रावर नव्हे. शरीर धक्क्याची गाठ आवाजाशी घालतं. स्फोट दिसतो एका फ्रेमला आणि त्याचा आवाज ध्वनिसंयोजकानं दोन फ्रेम उशिरा ठेवलेला असेल, तर धक्का आवाजाबरोबर हवा. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. चूक एका फ्रेमच्या आत असावी. मोठ्या सभागृहात आवाजालाही वेळ लागतो: पडद्यापासून २० मीटरवर तो सुमारे ५८ मिलिसेकंदांनी पोचतो. त्यामुळे मागच्या रांगांना पुढच्यांपेक्षा एक-दीड फ्रेम उशिरा धक्का देणं योग्य. रांगेप्रमाणे विलंब भरण्याची सोय नियंत्रकात असेल तर ती वापरावी. तिसऱ्या फेरीत हवा, पाणी, वास. आणि चौथी फेरी फक्त खोडण्याची. पहिल्या मसुद्यातला एक तृतीयांश तरी जायलाच हवा.

वारा, हवेचा फटका, पाणी

या तिघांचा स्वभाव वेगळा आहे आणि त्यामुळे त्यांचे इशारेही वेगवेगळ्या वेळी द्यावे लागतात.

छताजवळच्या किंवा बाजूच्या पंख्याला वेग घ्यायला वेळ लागतो. शिवाय ४ मीटर प्रति सेकंद वेगाचा वारा ६ मीटर दूरच्या चेहऱ्यावर दीड सेकंदानं येतो. दार उघडल्याबरोबर वारा लागायला हवा असेल तर पंख्याला इशारा दोन सेकंद आधी द्यावा लागतो. थांबतानाही तेच: हवा पुढे जातच राहते. म्हणून तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या दृश्यांत पंखा बंद-चालू करू नये, मंद ठेवून कमी-जास्त करावा. मोठा पंखा कमी वेगानं फिरवला तर आवाज कमी. छोट्या पंख्याला पूर्ण वेगानं पळवलं की संवाद बुडतात.

डोक्याजवळून सुटणारा हवेचा फटका मात्र जवळजवळ तत्क्षणी पोचतो. गोळी सणसणत गेल्याचा भास त्यानंच येतो. ४ मिलिमीटरच्या छिद्रातून २ बार दाबानं १०० मिलिसेकंद हवा सोडली तर साधारण अर्धा लिटर मोकळी हवा जाते. १५० खुर्च्यांना एकदम फटका दिला की ७५ लिटर. ५०० लिटरच्या टाकीतला दाब एका वेळी ०.१५ बारनं उतरतो. दहा फटके लागोपाठ दिले की दीड बार गेला आणि शेवटच्या रांगेतल्यांना फुंकर उरते. यावर दोन उपाय: टाकी मोठी घ्यावी, आणि नळी एका टोकाकडून सरळ नेण्याऐवजी सभागृहाभोवती कडं करून फिरवावी, म्हणजे प्रत्येक रांगेला दोन्हीकडून हवा मिळते. फटक्याची दिशा मानेच्या किंवा गालाच्या बाजूनं असावी, डोळ्यात किंवा थेट कानात कधीही नको.

दाबाखालच्या हवेत पाण्याची वाफ असते आणि ती थंड नळीत पाणी होऊन बसते. मग वाळवंटातल्या दृश्यात प्रेक्षकाच्या मानेवर गढूळ थेंब पडतो. तेलविरहित कॉम्प्रेसर, त्यापुढे हवा सुकवणारं यंत्र, नळ्यांना उतार आणि सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याची तोटी, यातलं एकही वगळू नये.

पाण्याबद्दल लोक जितके बेफिकीर असतात तितकंच ते धोक्याचं आहे. एका फवाऱ्याला अर्धा ते एक मिलिलिटर पुरतं. थेंबाचा आकार १०० ते ३०० मायक्रॉनच्या आसपास असेल तर पावसाची चाहूल लागते. त्याहून बारीक असेल तर नुसता गारवा जाणवतो आणि धुकं शेजाऱ्याकडे तरंगत जातं. मोठे थेंब चष्म्यावर डाग पाडतात, आणि त्रिमित चष्म्यावरचा डाग पुढची वीस मिनिटं बिघडवतो. म्हणून त्रिमित खेळात पाणी निम्म्यावर आणावं आणि नोझलचा रोख कपाळाऐवजी गालाकडे किंवा हाताकडे वळवावा.

फवारा संपल्यावर ठिबकणं ही रोजची तक्रार असते. झडप आणि नोझल यांच्यामधल्या नळीत उरलेलं पाणी खुर्ची हलली की बाहेर येतं. झडप नोझलच्या जितकी जवळ तितकं बरं, आणि नोझलच्या तोंडाशीच स्प्रिंगची एकदिशा झडप असावी. नोझल तुंबण्याचं कारण बहुधा पाण्यातले क्षार. छिद्र मिलिमीटरच्या काही दशांशांचं असतं आणि दोन खेळांच्या मध्ये ते वाळतं. आरओचं पाणी वापरलं की क्षार जातात, पण त्याबरोबर क्लोरिनही जातं आणि साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढायला मोकळीक मिळते. फवाऱ्यातून श्वासात जाणाऱ्या पाण्याचा खरा धोका न्यूमोनिया घडवणाऱ्या लिजिओनेला जिवाणूचा आहे. तो साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि खुर्च्यांखालच्या नळ्या नेमक्या याच तापमानाला असतात. टाकी लहान ठेवावी म्हणजे पाणी रोज बदलेल. वापरात नसलेल्या शाखा कापून टाकाव्यात, कारण बंद टोकात पाणी महिनोन्महिने पडून राहतं. टाकीनंतर अतिनील दिवा लावावा, ठरावीक काळानं पूर्ण जाळं निर्जंतुक करावं आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी. सभागृह काही दिवस बंद होतं तर पहिल्या खेळाआधी सगळ्या नळ्या वाहवून घ्याव्यात, तेव्हा आत प्रेक्षक नसावेत आणि काम करणाऱ्यानं मास्क लावावा.

पाणी नको असलेल्यांसाठी खुर्चीच्या हातावर ते बंद करण्याचं बटण असणं ही मेहरबानी नाही, गरज आहे.

वास

वर म्हटलेलं अंकगणित हे. सभागृहातली हवा तासाला सहा वेळा बदलते असं धरा. हवा नीट मिसळत असेल तर खोलीभर पसरलेला वास निम्मा व्हायला सुमारे ७ मिनिटं लागतात, आणि दहाव्या हिश्शावर यायला २३. कॉफीचा वास सोडला आणि पाच मिनिटांनी प्रसंग स्मशानात गेला, तर तिथेही कॉफीच. १९५९-६० चे प्रयोग याच भिंतीवर आपटले. हवा बदलण्याचा वेग दुप्पट केला तरी ती साडेतीन मिनिटंच होतात, आणि पंख्यांचा आवाज वाढतो.

उत्तर एवढंच: खोलीत वास सोडायचाच नाही. नाकापासून अर्ध्या मीटरच्या आत अगदी थोडी सुगंधी हवा सोडायची. त्या जागी ती ठळक असते आणि सगळ्या खोलीत मिसळली की इतकी पातळ होते की कळत नाही. द्रव फवारण्यापेक्षा सुगंध शोषलेल्या मण्यांवरून कोरडी हवा नेणं चांगलं, कपड्यांना आणि खुर्चीच्या कापडाला वास चिकटत नाही. एका चित्रपटात चार-पाच वासांपेक्षा जास्त नकोत, आणि दोन वासांच्या मध्ये काही मिनिटांची मोकळी जागा हवी. नाक एकाच वासाला लवकर सरावतं, त्यामुळे वास धरून ठेवण्यात अर्थ नाही. छोटी झुळूक द्यावी आणि थांबावं. दम्याच्या रुग्णांसाठी तिकीटखिडकीवरच स्पष्ट सूचना असावी.

धूर आणि झगमगाट

याबद्दल थोडक्यात. ग्लायकॉल-पाण्याचं धुकं पडद्याच्या पायाशी खालीच राहायला हवं. ते प्रोजेक्टरच्या झोतात चढलं की चित्राचा काळेपणा जातो. धूर ओळखणाऱ्या यंत्रणेशी त्याचा मेळ आग-सुरक्षेच्या जबाबदार माणसानंच घालावा. खेळासाठी संवेदक बंद करून ठेवणं हा मार्ग नाही.

प्रकाशाच्या झोतांचा नियम कडक आहे: सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत. प्रकाशामुळे झटका येणाऱ्यांसाठी साधारण १५ ते २५ प्रति सेकंदाचा पट्टा सर्वांत धोकादायक असतो. वीज कडाडल्याचा परिणाम दोन असमान झोतांनी उत्तम साधतो, त्याहून जास्त लागत नाहीत.

सगळं एका तालात

डिजिटल चित्रपटाच्या पॅकेजमध्ये आवाजासाठी सोळा वाहिन्या असतात आणि त्यांतल्या काही आवाजाव्यतिरिक्त कामांसाठी राखलेल्या असतात. प्रचलित वाटपात तेरावी वाहिनी खुर्चीच्या हालचालींची आणि चौदावी समकालन-संकेताची. या संकेतातून बाहेरच्या नियंत्रकाला चालू फाइलची ओळख आणि ती कुठपर्यंत पोचली आहे हे कळतं. पंखे, झोत, धुकं यांना पुढे बहुधा डीएमएक्स५१२ या, रंगमंचाच्या दिव्यांसाठीही वापरतात त्या, प्रमाणित पद्धतीनं आज्ञा जातात: एका तारेवर ५१२ वाहिन्या, पूर्ण भरल्यास सेकंदाला सुमारे ४४ वेळा ताजी आज्ञा. तारेच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रोध जोडायचा विसरला की संकेत परतून येतो आणि एखादा पंखा मध्येच आपोआप फिरतो. असं भुताटकीसारखं काही दिसलं तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी तारेचं टोक तपासा.

खुर्च्या एकाच क्षणी हलतात याचा भार इमारतीवरही पडतो. ६५० किलोच्या ४० चौकटी म्हणजे २६ टन. त्या सगळ्या एकदम गुरुत्वाच्या एक पंचमांश त्वरणानं हलल्या तर जमिनीवर ५० किलोन्यूटनहून जास्त बल येतं-जातं. स्लॅबच्या नैसर्गिक कंपनाशी हा ताल जुळला तर खालच्या मजल्यावर कळतं. आराखड्याच्या वेळीच रचना-अभियंत्याला हे आकडे द्यावेत. नंतर रबराच्या गाद्या घालून फारसं साधत नाही, कारण संथ हेलकावे त्या अडवत नाहीत.

रोजची देखभाल आणि सुरक्षा

पहिल्या खेळाआधी तीन-चार मिनिटांची चाचणी-फीत चालवावी. त्यात प्रत्येक हालचाल एकटी, मग प्रत्येक झडप एकटी. नोझल तपासायला प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर टिपकागद ठेवावा. फवारा झाल्यावर डाग कुठे पडला, किती मोठा आणि खाली ओघळ आहे का, हे एका फेरीत कळतं. खुर्चीतून 'टक्' असा आवाज दिशा बदलताना येत असेल तर बॉलस्क्रूत किंवा सांध्याच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. सतत येत असेल तर बहुधा बोल्ट सैल झाला आहे. मध्यावर असूनही एक चौकट किंचित तिरकी दिसते तेव्हा तिचा शून्यबिंदू सरकलेला असतो. पण नुसता शून्य पुन्हा लावून गप्प बसू नये, तो का सरकला ते शोधावं. तारा जिथे चौकटीबरोबर वाकतात तिथे त्या आतून तुटतात. बाहेरून आवरण शाबूत दिसतं आणि दोष फक्त खुर्ची हलताना येतो. तिथे वाकण्यासाठीच बनवलेल्या बारीक तंतूंच्या तारा हव्यात आणि वळणाची त्रिज्या मोठी.

आणीबाणीचं बटण दाबलं की खुर्ची जागच्या जागी गोठू नये. तिनं वेग कमी करत थांबावं आणि उतरण्याच्या उंचीला यावं. वीज गेली तर ब्रेक पकडले पाहिजेत आणि चौकट हळू खाली येण्याची सोय पाहिजे, नाहीतर कललेल्या खुर्चीतून अंधारात उतरताना लोक पडतात. चौकटीखाली पाय, पिशवी, मोबाइल अडकण्याच्या जागा झाकलेल्या असाव्यात आणि पायांसाठी खुर्चीबरोबर हलणारी फळी असावी. पाय जमिनीवर राहिले तर खुर्ची खाली येताना गुडघे वर दाबले जातात. गरोदरपण, पाठीची किंवा मानेची दुखणी, हृदयविकार, झटके यांची सूचना बसण्याआधी द्यावी. लहान मुलांसाठी उंचीची अट असते, अनेक ठिकाणी १०० सेंटिमीटर. ती पाळावीच, कारण पाठीला पाठ न टेकणाऱ्या मुलाचं डोकं मोकळं हलतं. उघड्या कपातली गरम पेयं आत नकोत.

प्रेक्षक म्हणून जात असाल आणि गाडी लागण्याची सवय असेल, तर मधली रांग मधली खुर्ची घ्या आणि मळमळ सुरू झाली की नजर पडद्याच्या चौकटीच्या कडेवर ठेवा. डोळे आणि आतला कान यांच्यातली तफावत त्यानं थोडी कमी होते. जड जेवून जाऊ नका.

आणि ट्रॅक लिहिणाऱ्यांसाठी एक राहिलेली गोष्ट. एकाच चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या असतात: कुठे भाषा वेगळी, कुठे काही फ्रेम कापलेल्या, कुठे सुरुवातीच्या पाट्या लांब. १४ फ्रेम कापल्या की त्यापुढचा प्रत्येक इशारा अर्ध्या सेकंदाहून जास्त चुकतो आणि पडदा-खुर्चीचं सगळं नातं तुटतं. म्हणून इशाऱ्यांची मोजणी चित्रपटाच्या सुरुवातीपासून न करता प्रत्येक रिळाच्या (चित्रपट ज्या सलग तुकड्यांत विभागलेला असतो त्यातल्या एकाच्या) सुरुवातीपासून करावी, आणि ट्रॅकच्या नावात त्या आवृत्तीची ओळख असावी. नवी आवृत्ती आली की पूर्ण चित्रपट पाहायला वेळ नसतो. तेव्हा प्रत्येक रिळातला शेवटचा ठसठशीत आवाजी धक्का निवडून तेवढे तपासावेत. तो जुळला तर त्या रिळात काही कापलेलं नाही असं बहुतेक वेळा धरता येतं. न जुळल्यास त्या रिळाच्या मध्यापासून निम्मे-निम्मे करत शोधत जावं, कापलेली जागा चार-पाच तपासण्यांत सापडते.